ऱ्हाईनकाठचा रसायन-करार : शेजारी राष्ट्रांच्या सहकार्याचा एक अभ्यास

नदीला सीमा ठाऊक नसते. एका देशाच्या हद्दीत तिच्या पात्रात पडलेला विषारी द्रव काही तासांत दुसऱ्या देशात पोहोचतो आणि काही दिवसांत तिसऱ्या देशातील नागरिकांच्या घागरीत उतरण्याचा संभव निर्माण होतो. रसायनांच्या उत्पादनावर, साठवणुकीवर आणि विल्हेवाटीवर एखाद्या राष्ट्राने स्वतःपुरते कितीही कडक निर्बंध घातले, तरी शेजारच्या राष्ट्राने तसे केले नाही तर त्या निर्बंधांचा लाभ अपुराच राहतो. म्हणूनच रसायनविषयक धोरण हा केवळ एका देशाच्या अंतर्गत कारभाराचा विषय राहिलेला नाही. या प्रश्नावर शेजारी राष्ट्रे एकत्र येऊन काय करू शकतात, त्यांना कोणत्या अडचणी येतात आणि त्या अडचणींतून मार्ग कसा निघतो, हे समजून घेण्यासाठी युरोपातील ऱ्हाईन नदीचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे.

नदी आणि तिचे वाटेकरी

स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वतात उगम पावणारी ऱ्हाईन नदी सुमारे १,२३० किलोमीटरचा प्रवास करून नेदरलँड्समध्ये उत्तर समुद्राला मिळते. वाटेत ती लिख्टेनस्टाइन आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरून वाहते, पुढे काही अंतर फ्रान्स आणि जर्मनी यांच्यामधील सीमारेषा बनते आणि नंतर जर्मनीच्या औद्योगिक प्रदेशातून जाते. तिच्या उपनद्या धरल्या तर एकंदर नऊ देशांचा प्रदेश तिच्या खोऱ्यात मोडतो. या खोऱ्यात सुमारे सहा कोटी लोक राहतात आणि त्यांपैकी जवळजवळ तीन कोटी लोकांचे पिण्याचे पाणी या नदीच्या व्यवस्थेतून येते.

याच नदीच्या काठी युरोपातील रासायनिक उद्योगाची मोठमोठी केंद्रे वसली. स्वित्झर्लंडमधील बाझेल, जर्मनीतील लुडविग्सहाफेन व लेव्हरकुझेन ही त्यांतील प्रमुख नावे होत. कारखान्यांना पाणी हवे होते, मालाच्या ने-आणीसाठी जलमार्ग हवा होता आणि सांडपाणी सोडण्यासाठी प्रवाह हवा होता. ऱ्हाईनने या तिन्ही गरजा भागविल्या. त्याची किंमत मात्र खालच्या अंगाला राहणाऱ्यांना मोजावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या नदीतून सॅमन माशांची प्रचंड पकड होत असे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा मासा नदीतून नाहीसा झाला. धरणे व बंधारे यांनी त्याची वाट अडविली आणि दूषित पाण्याने उरलेसुरले काम पुरे केले.

नदीच्या वापराबाबत देशादेशांत करार करण्याची पद्धत येथे जुनी आहे. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत ऱ्हाईनवरील नौकानयनासाठी एका मध्यवर्ती आयोगाची तरतूद झाली. सॅमनच्या मासेमारीबाबत १८८५ मध्ये करार झाला. परंतु नौका चालविणे आणि मासे पकडणे यांत सर्वांचा लाभ उघड दिसत होता. प्रदूषणाच्या प्रश्नात तसे नव्हते. येथे लाभ वरच्याचा आणि हानी खालच्याची अशी विभागणी होती. सहकार्याची खरी कसोटी येथेच लागणार होती.

आयोगाची स्थापना

दुसऱ्या महायुद्धाची राख पुरती थंड झालेली नसताना, ११ जुलै १९५० रोजी, स्वित्झर्लंड, फ्रान्स, लक्झेंबर्ग, पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्स या पाच देशांनी ऱ्हाईन नदीच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन केला. यात पुढाकार नेदरलँड्सचा होता, कारण सर्वांत खालच्या अंगाला तोच देश आहे. १९६३ मध्ये बर्न येथे झालेल्या करारान्वये या आयोगाला कायदेशीर अधिष्ठान मिळाले. त्याचे सचिवालय जर्मनीतील कोब्लेन्झ येथे आहे. तत्कालीन युरोपीय आर्थिक समुदायही १९७६ मध्ये त्यात सहभागी झाला.

या आयोगाला दंड करण्याचा, कारखाना बंद पाडण्याचा वा कोणत्याही सरकारला हुकूम देण्याचा अधिकार नव्हता. निर्णय एकमताने व्हावयाचे आणि त्यांची अंमलबजावणी प्रत्येक देशाने आपापल्या कायद्यानुसार करावयाची, अशी रचना होती. त्यामुळे प्रारंभीच्या काळात आयोगाने एकच काम नेटाने केले. नदीच्या पाण्याचे नमुने ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या पद्धतीने घेऊन तपासावयाचे आणि सर्व देशांनी मान्य केलेले आकडे प्रसिद्ध करावयाचे. हे काम वरवर पाहता किरकोळ वाटते. परंतु तुमचे आकडे खोटे आणि आमचे खरे, हा वाद मिटल्याखेरीज पुढील कोणताही वाद मिटत नाही. समान मोजमाप हा सहकार्याचा पाया ठरला.

जून १९६९ मध्ये एंडोसल्फान हे कीटकनाशक नदीत मिसळून फार मोठ्या प्रमाणावर मासे मेले. नेदरलँड्सला पाणीपुरवठ्यासाठी नदीचे पाणी घेणे थांबवावे लागले. नदीचे आरोग्य केवळ रोजच्या सांडपाण्यावर अवलंबून नाही, एखाद्या अपघाताने वा निष्काळजीपणानेही ती एका दिवसात मारली जाऊ शकते, हे या घटनेने दाखवून दिले.

मिठाचा तंटा

३ डिसेंबर १९७६ रोजी बॉन येथे दोन करारांवर स्वाक्षऱ्या झाल्या. एक रासायनिक प्रदूषणाविषयी आणि दुसरा क्लोराइडविषयी, म्हणजे साध्या भाषेत मिठाविषयी होता. या दोन्ही करारांचा इतिहास प्रशासनाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे.

फ्रान्समधील अल्सास प्रांतातील पोटॅशच्या खाणींतून निघणारे मीठ नदीत सोडले जात असे. नेदरलँड्समधील बागायतदारांच्या काचगृहांतील रोपांना ते पाणी बाधत असे आणि पाणीपुरवठा संस्थांनाही त्रास होत असे. क्लोराइड करारात यावर तोडगा काढताना खर्चाची वाटणी ठरविण्यात आली. फ्रान्सने ३० टक्के, जर्मनीने ३० टक्के, नेदरलँड्सने ३४ टक्के आणि स्वित्झर्लंडने ६ टक्के भार उचलावयाचा होता. प्रदूषण करणाराने किंमत द्यावी, या तत्त्वाशी ही वाटणी उघडच विसंगत होती. ज्याला इजा होत होती त्या देशानेच सर्वाधिक वाटा पत्करला होता. परंतु तत्त्वाचा आग्रह धरून नदी खारीच राहू द्यावी, की पदरचे पैसे घालून ती गोडी करावी, असा प्रश्न पुढे उभा राहिला तेव्हा नेदरलँड्सने दुसरा पर्याय स्वीकारला.

तरीही काम अडले. मीठ अल्सासच्या भूगर्भात सोडावयाचे, अशी मूळ योजना होती. आपल्या विहिरी खाऱ्या होतील या भीतीने तेथील रहिवाशांनी तिला विरोध केला. फ्रान्सने कराराला संमती देणे लांबणीवर टाकले, तेव्हा १९७९ मध्ये नेदरलँड्सने पॅरिसमधील आपला राजदूत काही काळ माघारी बोलाविला. करार अंमलात येण्यास १९८५ साल उजाडले. पुढे १९९१ मध्ये पूरक करार झाला आणि २००२ मध्ये खाणीच बंद झाल्याने प्रश्नाचे मूळ नाहीसे झाले. न वापरलेल्या रकमेच्या हिशेबाचा वाद मात्र लवादापुढे गेला आणि त्याचा निकाल २००४ मध्ये लागला. एका नदीतील मिठाचा हिशेब पुरा होण्यास असा पाव शतकाहून अधिक काळ लागला.

याच तंट्यातून एक महत्त्वाचा न्यायनिर्णयही मिळाला. एका डच रोपवाटिका-व्यवसायाने फ्रान्समधील खाण कंपनीविरुद्ध दावा लावला, तेव्हा तो कोणत्या देशाच्या न्यायालयात चालावा हा प्रश्न उपस्थित झाला. नुकसान जेथे झाले तेथे किंवा नुकसानीचे कारण जेथे घडले तेथे, यांपैकी कोठेही दावा लावण्याची मुभा वादीला आहे, असा निर्णय युरोपीय समुदायाच्या न्यायालयाने ३० नोव्हेंबर १९७६ रोजी दिला. सीमेपलीकडील हानीबद्दल आपल्याच गावाजवळच्या न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग त्यामुळे नागरिकांना मोकळा झाला.

रासायनिक कराराची गत निराळी होती. त्यात अतिघातक पदार्थांची एक काळी यादी आणि तुलनेने कमी घातक पदार्थांची दुसरी करडी यादी होती. काळ्या यादीतील प्रत्येक पदार्थासाठी सोडण्याची कमाल मर्यादा सर्वांनी मिळून ठरवावयाची होती. पदार्थ शेकडो, मर्यादा ठरविण्याची पद्धत क्लिष्ट आणि प्रत्येक वेळी एकमताची अट. परिणामी जवळजवळ दहा वर्षांत पारा, कॅडमियम यांसारख्या मोजक्याच पदार्थांपुरते काम पुढे सरकले. करार होता, यादी होती, बैठकाही होत होत्या. नदीला मात्र त्याचा फारसा गुण आला नव्हता.

१ नोव्हेंबर १९८६ ची रात्र

१ नोव्हेंबर १९८६ रोजी मध्यरात्रीनंतर बाझेलजवळील श्वाइट्सरहाले येथे सँडोझ कंपनीच्या एका गुदामाला आग लागली. त्या गुदामात सुमारे १,३०० टन रसायने होती आणि त्यांत कीटकनाशकांचा साठा मोठा होता. आसमंतात दुर्गंधीयुक्त धूर पसरला. भोंगे वाजवून रहिवाशांना घराबाहेर न पडण्याची सूचना देण्यात आली. पहाटेपर्यंत आग आटोक्यात आली, पण खरा अनर्थ निराळाच होता. आग विझविण्यासाठी मारलेले हजारो घनमीटर पाणी अडविण्याची सोय तेथे नव्हती. ते पाणी रसायने घेऊन थेट ऱ्हाईनमध्ये गेले. गुदामातील रंगद्रव्यामुळे नदीचे पाणी लाल झाले.

पुढील काही दिवसांत सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत नदीतील जीवसृष्टीची भयंकर हानी झाली. ईल म्हणजे वाम जातीचे दीड लाखांच्या आसपास मासे मेले. जर्मनी आणि नेदरलँड्समधील जलशुद्धीकरण केंद्रांनी नदीचे पाणी घेणे बंद केले. विषाचा हा पट्टा नेदरलँड्सच्या सीमेपर्यंत पोहोचण्यास सुमारे आठवडा लागला. म्हणजे सावध होण्यास खालच्या देशांजवळ वेळ होता. पण इशारा देण्याची व्यवस्था असूनही ती वेळेवर हलली नाही आणि कोणती रसायने किती प्रमाणात वाहत आहेत याची माहितीही उशिरा मिळाली, अशी तक्रार शेजारी देशांनी केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चेर्नोबिलची दुर्घटना घडली होती आणि दोनच वर्षांपूर्वी भोपाळची वायुदुर्घटना जगाने पाहिली होती. लोकांच्या संतापाला अशी पार्श्वभूमी होती.

कृतिकार्यक्रम

यानंतर जे घडले ते उल्लेखनीय आहे. ऱ्हाईनकाठच्या देशांचे मंत्री त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झुरिक येथे आणि डिसेंबरमध्ये रॉटरडॅम येथे एकत्र आले. १ ऑक्टोबर १९८७ रोजी स्ट्रासबर्ग येथे ऱ्हाईन कृतिकार्यक्रम संमत झाला. जे दहा वर्षांत साधले नव्हते त्याचा आराखडा वर्षाच्या आत तयार झाला.

हा कार्यक्रम करार नव्हता. तो कायद्याने बंधनकारक नव्हता. मंत्र्यांनी जाहीरपणे दिलेला तो एक शब्द होता. त्यात मोजकी आणि सामान्य माणसाला समजतील अशी उद्दिष्टे ठेवण्यात आली. सन २००० पर्यंत सॅमन मासा नदीत परत यावा. नदीचे पाणी साध्या शुद्धीकरणाने पिण्यायोग्य व्हावे. तळाशी साचणारा गाळ निर्धोक व्हावा. पुढे उत्तर समुद्राच्या संरक्षणाचे उद्दिष्टही त्यांत जोडले गेले. निवडक घातक पदार्थांचे नदीत जाणारे प्रमाण १९८५ ते १९९५ या दहा वर्षांत निम्म्यावर आणावयाचे ठरले. प्रत्येक पदार्थाच्या मर्यादेचा काथ्याकूट करीत बसण्याऐवजी एक समान उद्दिष्ट आणि एक ठरलेली मुदत सर्वांनी मान्य केली. ते कोणत्या उपायांनी गाठावयाचे हे त्या त्या देशावर सोपविले. प्रगतीचा अहवाल मात्र सर्वांनी सर्वांपुढे ठेवावयाचा होता.

सॅमनची निवड हेतुपूर्वक केलेली होती. पाण्यातील कॅडमियमचे प्रमाण किती, हे सांगून गावातील माणसाच्या मनात चित्र उभे राहत नाही. आजोबांच्या वेळचा मासा परत येणार, हे सांगितले की राहते. आणि हा मासा समुद्रातून नदीत शिरून उगमाकडे जाणारा असल्याने तो परत यावयाचा तर खालपासून वरपर्यंत सर्व देशांनी आपला आपला भाग स्वच्छ करावाच लागतो. एकाने कुचराई केली तर मासा तेथेच अडतो.

कारखान्यांत आग विझविण्याचे पाणी साठविणारी कुंडे बांधण्यात आली. साठवणुकीचे नियम कडक झाले. नगरपालिकांची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे वाढविण्यात आली. बहुतेक निवडक पदार्थांच्या बाबतीत ५० टक्के कपातीचे उद्दिष्ट मुदतीत गाठले गेले आणि काहींच्या बाबतीत कपात त्याहून बरीच अधिक झाली. ऱ्हाईनच्या सीग या उपनदीत १९९० मध्ये सॅमन परत आल्याची नोंद झाली. बंधाऱ्यांवर माशांसाठी पायऱ्यांचे मार्ग बांधण्यात आले. त्यांपैकी इफेत्झहाइम येथील मार्ग २००० मध्ये सुरू झाला. २००८ मध्ये बाझेलपर्यंत सॅमन पोहोचल्याचे आढळले.

इशाऱ्याची साखळी

या सहकार्यातील सर्वांत व्यवहारी भाग म्हणजे इशारा योजना. उगमाकडून मुखाकडे नदीकाठी मुख्य इशारा केंद्रे नेमण्यात आली आहेत. अपघात घडला की त्या भागातील केंद्राने ठरावीक नमुन्यातील संदेश खालच्या सर्व केंद्रांना पाठवावयाचा असतो. त्यात पदार्थाचे नाव, अंदाजे प्रमाण, घटनेची वेळ आणि ठिकाण यांचा उल्लेख असतो. प्रत्यक्ष धोका असेल तर इशारा, धोका नसला तरी दखल घेण्याजोगी बाब असेल तर माहिती आणि दूषित पदार्थ आढळला पण उगम ठाऊक नसेल तर शोध, असे संदेशांचे प्रकार आहेत. प्रवाहात रंगद्रव्य सोडून केलेल्या मोजणीच्या आधारे एक गणिती प्रतिमानही तयार करण्यात आले. विषाचा पट्टा कोणत्या गावी केव्हा पोहोचेल आणि तोवर तो किती विरळ होईल, हे त्यावरून काढता येते.

बाझेलच्या खाली वाइल येथे १९९३ पासून जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांचे संयुक्त निरीक्षण केंद्र आहे. जर्मनी व नेदरलँड्स यांच्या सीमेवर बिमेन-लोबिट येथेही अशीच व्यवस्था आहे. सीमेवरील नमुना दोन्ही देशांच्या तज्ज्ञांच्या डोळ्यांसमोर तपासला गेला, म्हणजे त्याबद्दल वाद उरत नाही.

रॉटरडॅम बंदराची हकीकतही येथे नमूद करावी लागेल. नदीबरोबर वाहत येणारा दूषित गाळ या बंदरात साचत असे. तो उपसून कोठे टाकावा हा प्रश्न इतका बिकट झाला की समुद्रकाठी त्यासाठी मोठे साठवण-कुंड बांधावे लागले. तेव्हा नगर प्रशासनाने गाळातील घातक पदार्थांचा माग काढीत वरच्या देशांतील कारखान्यांपर्यंत जाण्याचा उपक्रम हाती घेतला. पुरावा समोर ठेवून वाटाघाटी करण्यात आल्या आणि १९९१ मध्ये जर्मनीतील रासायनिक उद्योगांच्या संघटनेबरोबर करार झाला. एका स्थानिक संस्थेने दुसऱ्या देशातील उद्योगांशी अशा रीतीने समझोता घडवून आणला, ही बाब स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रतिनिधींनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

जे उरले आहे

१२ एप्रिल १९९९ रोजी बर्न येथे ऱ्हाईनच्या संरक्षणाचा नवा करार झाला आणि तो १ जानेवारी २००३ पासून अंमलात आला. युरोपीय संघाच्या स्तरावर रसायनांची नोंदणी व मूल्यांकन यांविषयीचा व्यापक कायदा जून २००७ मध्ये लागू झाला. आपले रसायन निर्धोक आहे हे दाखविण्याची मुख्य जबाबदारी त्याने उत्पादकावर टाकली. तथापि, सारे प्रश्न सुटले असे मानणे योग्य होणार नाही. औषधांचे अंश, घरगुती वापरातील रसायने आणि शेतीतील कीटकनाशके अत्यल्प प्रमाणात पण सतत नदीत जात असतात. अशा सूक्ष्म प्रदूषकांचे प्रमाण २०४० पर्यंत किमान ३० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट २०२० मध्ये मंत्र्यांच्या परिषदेत ठरविण्यात आले. सॅमन परतला असला तरी मनुष्याच्या मदतीवाचून टिकून राहील अशी त्याची संख्या अद्याप झालेली नाही. येथे कोणा एका कारखान्याकडे बोट दाखविता येत नाही. औषध घेणारा रुग्ण आणि फवारणी करणारा शेतकरी हेही आता या प्रश्नाचे भाग आहेत.

आपल्या दृष्टीने

या इतिहासाचे धागे आपल्यापर्यंतही येतात. घातक रसायनांची निर्यात करताना आयात करणाऱ्या देशाची माहितीपूर्वक पूर्वसंमती घ्यावी, असा आंतरराष्ट्रीय करार सप्टेंबर १९९८ मध्ये ऱ्हाईनच्या मुखाशी वसलेल्या रॉटरडॅम शहरात झाला आणि भारत २००५ मध्ये त्यात सामील झाला. ज्या एंडोसल्फानने १९६९ मध्ये ऱ्हाईनमधील मासे मारले, त्याच्यावर आपल्या देशात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. त्याच वर्षी दीर्घकाळ टिकणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराच्या यादीतही त्याचा समावेश झाला. तोवर केरळमधील कासरगोड जिल्ह्याने त्याची जबर किंमत मोजली होती.

आपल्याकडे कायद्याची उणीव नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ मध्येच केला होता. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम आणि १९८९ चे घातक रसायनांविषयीचे नियम आले. या नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्यांनी आवाराच्या आतील आणि जिल्हा प्रशासनाने आवाराबाहेरील आपत्कालीन योजना तयार ठेवावयाची असते. आसपासच्या रहिवाशांना धोक्याची व घ्यावयाच्या काळजीची माहिती देणेही बंधनकारक आहे. १९९६ च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक पातळीवर आपत्ती गटांची तरतूद केली.

प्रश्न उरतो तो सरावाचा आणि शेजारधर्माचा. श्वाइट्सरहाले येथेही कारखाना नावाजलेला होता आणि देश शिस्तीचा होता. उणीव निघाली ती आगीचे पाणी अडविणाऱ्या एका कुंडाची आणि वेळेवर गेलेल्या एका निरोपाची. आपल्या गावाच्या वरच्या अंगाला कोणता साठा आहे, खालच्या अंगाला कोणाची पाणीपुरवठा योजना आहे आणि अपघात झाल्यास पहिला निरोप कोणी कोणाला द्यावयाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे ग्रामपंचायतीच्या दप्तरी लिहून ठेवण्यास कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराची आवश्यकता नाही. शाळेतील विद्यार्थ्यांना आपल्या ओढ्याचा आणि नदीचा नकाशा काढावयास लावून शिक्षकही या कामास हातभार लावू शकतात.

गोदावरी आणि कृष्णा या दोन्ही नद्या सह्याद्रीत उगम पावून शेजारच्या राज्यांत जातात. त्या नद्यांच्या बाबतीत महाराष्ट्राचे स्थान वरच्या अंगाचे आहे. ऱ्हाईनकाठी खालच्या अंगाच्या देशाला आपले गाऱ्हाणे मान्य करून घेण्यास दशके लागली. खालच्याने मागणी करण्यापूर्वी वरच्याने आपली जबाबदारी ओळखली, तर ती दशके वाचू शकतील.